थांबण्याचे भांडवल

(लोणी भापकर, ता. बारामती येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी चळवळीच्या विचारात गिरणी कामगाराला जागा आहे, शेतमजुराला आहे, उशिरा का होईना पण असंघटित कामगारालाही ती मिळाली. स्वतंत्र कारागीर मात्र आपल्या मांडणीत नेहमीच अवघडून उभा राहिला आहे. त्याची हत्यारे त्याच्या मालकीची असतात. कौशल्य त्याचे स्वतःचे असते. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली, आणि तीही पुष्कळदा वडिलोपार्जित. उत्पादनसाधने ज्याच्या हाती तो शोषित नाही, असे जे ढोबळ सूत्र आपण अभ्यासवर्गांतून शिकवत आलो, त्यात हा माणूस कुठेच बसत नाही. म्हणून मग त्याला ‘छोटा मालक’ म्हणून बाजूला ठेवायचे, किंवा ‘नष्ट होत चाललेली कला’ म्हणून त्याच्याविषयी हळहळायचे, या दोन वाटा आपण धरल्या. या दोन्ही वाटांनी त्याचा जमाखर्च मात्र कोणी पाहिला नाही. आजच्या भाषणाचा हेतू तो जमाखर्च पाहण्याचा आहे, आणि उदाहरण म्हणून घेतला आहे मिरजेचा सतारमेकर.

लोणी भापकरच्या सभेत मिरजेचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. या पंचक्रोशीत हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहाऱ्यापहाऱ्याने ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून पंढरपूरकडे निघते तेव्हा प्रत्येक दिंडीत विणेकरी असतो. टाळ-मृदंगाच्या गजरात त्या विणेचा नाद ऐकू येतो असे नाही, पण तिच्यावाचून दिंडी होत नाही. ती वीणा कोणी घडवली हे विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. याच गावातील मल्लिकार्जुनाच्या मंदिराचे खांब आणि पुष्करणीचा मंडप घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आपल्या समाजाची ही जुनी सवय आहे. तिला नम्रतेचे किंवा अध्यात्माचे नाव देण्याचे कारण नाही. हाताने काम करणाऱ्याला नाव नसते, एवढाच तिचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात तंतुवाद्यांची घडण ज्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या एकवटली ते मिरज. सतार, तंबोरा, सूरबहार, दिलरुबा यांच्याबरोबर भजनी वीणाही तेथे होतात. हा धंदा मिरजेत कसा आला याची हकीकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारी, त्यांना पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांचे राज्य गेले, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गवयांना आश्रय होता. गवयांचे तंबोरे बिघडत, आणि दुरुस्तीला दूरच्या गावी पाठवावे लागत. परंपरेने असे सांगितले जाते की फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने १८५० च्या सुमारास अशा दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे नवे वाद्य घडवले. त्यांच्या वंशजांचे आणि शिष्यांचे आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झाले, गल्लीलाही तेच नाव पडले. मागणी बुडाल्यावर देशोधडीला लागण्याऐवजी एका जमातीने आपल्या हातातली सफाई धातूवरून लाकडावर आणली, ही गोष्ट लहान नाही. त्या काळात विणकरांचे काय झाले हे आपण दादाभाईंपासून वाचत आलो आहोत. शिकलगारांचे काय झाले हे कोणी लिहिले नाही.

येथे बलुतेदारीशी एक तुलना करावीशी वाटते. गावचा सुतार बलुतेदार होता. पीक आले की त्याला खळ्यावर धान्य मिळे. त्या व्यवस्थेत जन्माने आलेला कमीपणा होता, तशी दुष्काळात इतरांबरोबर का होईना पण जगण्याची हमीही होती. सतारमेकर कधीच बलुतेदार नव्हता. त्याचे गिऱ्हाईक प्रारंभी दरबार आणि गवई, पुढे संगीत विद्यालये. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत शिकणे मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेचे होऊ लागले, तशी तंबोऱ्याची मागणी वाढली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. वाद्याच्या जवारीची जाण असलेला तो गवई होता. १९३७ मध्ये ते वारले, आणि त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा होते. मुसलमान कारागिराने घडवलेला तंबोरा हिंदू गवयाच्या मागे वाजतो, मुसलमान गवई दर्ग्यात बसून कृष्णाची ठुमरी गातो आणि मिरजेत घडलेली वीणा घेऊन वारकरी पंढरीला जातो, यात त्या गावाला काही विशेष वाटत नाही. असे वाटू न देण्यातच त्याचे मोठेपण आहे. पण भाषणाचा विषय तो नव्हे.

विषय आहे वेळेचा. तंबोरा कशाचा बनतो, असे विचारले तर कोणीही सांगेल: भोपळ्याचा आणि लाकडाचा. कारागिराला विचारावे. त्याच्या दृष्टीने तो बनतो मुख्यतः वाट पाहण्याचा.

भोपळ्यापासून सुरुवात करू. हा खाण्याचा भोपळा नव्हे, हा कडू. त्याची लागवड सोलापूर जिल्ह्यात भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला होते. म्हणजे इंदापूर तालुक्याच्या कडेने जी भीमा वाहते तीच पुढे या भोपळ्यांना पाणी देते. फळ वेलावरच जून होऊ द्यावे लागते. ते एका कुशीवर पडून चपटे होऊ नये म्हणून त्याची बैठक सांभाळावी लागते. उतरवल्यावर काही महिने वाळवायचे. अवकाळी पाऊस आला, नदीला पूर आला, की सगळे कुजले. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला आलेला पूर पंढरपूरकर विसरलेले नाहीत. शेतकऱ्याने एवढा धोका पत्करून भोपळा लावायचा, आणि शेजारच्या वावरात ऊस उभा, त्याला कारखाना ठरलेला, पाणी ठरलेले, पतपुरवठा ठरलेला. भोपळ्याला यांपैकी काहीच नाही. तो विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणजे मिरजेतली काही घरे, आणि त्यांच्याकडेही रोख पैसा बेताचा. उद्या एखाद्याने तो वेल काढून ऊस लावला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

मग लाकूड. दांडी, गळा, तबली यांसाठी प्रामुख्याने तून वापरतात. काही कामाला सागवान चालते. ओले लाकूड कामाचे नाही. ते कापून, फळ्या पाडून, सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे तरी मुरवावे लागते. जाणता कारागीर त्याहून अधिक काळ ठेवतो. त्यात घाई केली तर वाद्य तयार होते, दिसायलाही सुंदर दिसते, सूरही देते. वर्षभराने दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा परदेशातल्या तापवलेल्या खोलीत गेल्यावर दांडी बाक धरते, तबली भेगाळते. दोष लाकडाच्या ओलीचा, नाव जाते कारागिराचे.

प्रत्यक्ष घडण त्या मानाने थोड्या दिवसांची, काही आठवड्यांची. भोपळा भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, हवा तो आकार येण्यासाठी आतून काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवायचा. दांडी कोरून पोकळ करायची, गळा जोडायचा, तबली बसवायची, वेलबुट्टी काढायची, लाखेचे पॉलिश चढवायचे, खुंट्या, घोडी, तारा. शेवटी जवारी. घोडीच्या माथ्यावरून तार जाते तेथे इतक्या सूक्ष्म उताराने कानस लावायची की तार सुटताना घोडीला निसटता स्पर्श करत राहील; खाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडवायची. एका तारेतून अनेक स्वर उमलल्यासारखे वाटतात ते या उतारामुळे. याला मोजपट्टी नाही. कान आहे, आणि तो कान तयार व्हायलाही वर्षे लागतात. म्हणजे लाकूड मुरायचे तसाच माणूसही मुरायचा, आणि शिकाऊ असताना त्या मुरण्याचा पगार कोणी देत नाही.

पूर्वी घोडीला सांबराचे शिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी तो व्यापार थांबला, आणि ते योग्यच झाले. कारागिरांनी उंटाचे हाड, शिसवीसारखे कठीण लाकूड, कृत्रिम पदार्थ यांवर हात बसवला. कायदा बदलला की हातही बदलावा लागतो, आणि त्या बदलाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

मार्क्सच्या ‘भांडवल’चा दुसरा खंड आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. पहिल्यातला कामगाराचा दिवस आपल्या परिचयाचा, दुसरा खंड रूक्ष. एंगल्सने तो मार्क्सच्या पश्चात १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात श्रमाचा काळ आणि उत्पादनाचा काळ या दोहोंत मार्क्सने भेद केला आहे. माणूस राबतो तेवढाच काळ उत्पादनाचा नसतो; द्राक्षरस आंबतो, कुंभाराचे भांडे सुकते, पेरलेले बी उगवते, तेव्हा श्रम थांबलेले असतात आणि भांडवल अडकलेले असते. तेथे त्याने एक किरकोळ वाटणारे उदाहरण दिले आहे: बुटांचे लाकडी साचे करणाऱ्यांना लाकूड वाळण्यासाठी दीड वर्षापर्यंत साठवून ठेवावे लागते, आणि त्या काळात गुंतलेला पैसा निपचित पडून राहतो. मिरजेच्या सतारमेकराचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात आहे. त्याच्या हाती श्रमाची साधने आहेत. उत्पादनाचा जो काळ श्रमाविना जातो, तो ओलांडण्याचे साधन त्याच्या हाती नाही. ते ज्याच्या हाती, तो या धंद्याचा खरा मालक.

थोडा हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा कारागिराने आज १०,००० रुपयांचे लाकूड घेतले आणि ते ३ वर्षे मुरवायचे ठरवले. पैसे शेकडा २ रुपये महिना या दराने उचलले. सरळ व्याजाने ३ वर्षांत ७,२०० रुपये व्याज झाले. चक्रवाढीने धरले तर देणे २०,००० च्या वर जाते, म्हणजे लाकूड दुपटीला पडले. त्याच पैशाला दरसाल शेकडा १० दराने बँकेचे कर्ज मिळाले असते तर ३ वर्षांनी देणे झाले असते १३,३१०. कारागीर तोच, लाकूड तेच. मधल्या फरकाला आपण ‘बाजारभाव’ म्हणतो. अर्थात बहुतेक कारागीर हे व्याज उघडपणे भरत नाहीत. ते कर्ज काढून लाकूड साठवतच नाहीत. मुरलेले लाकूड व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने लागेल तेवढे घेतात, आणि व्यापाऱ्याने जे थांबणे केले त्याची किंमत त्या भावातून देतात. किंवा शहरातल्या दुकानदाराकडून विसार घेतात. मग वाद्याचा भाव विसार देणारा ठरवतो. वाद्यावर पट्टीही पुष्कळदा दुकानाची लागते. ज्याला आपण स्वतंत्र कारागीर म्हणतो त्याचे स्वातंत्र्य एवढेच, की कोणत्या सावलीत बसून काम करायचे हे तो ठरवू शकतो.

ही गोष्ट केवळ मिरजेची, किंवा आपल्या मागासलेपणाची आहे असे समजू नये. व्हायोलिनचे उदाहरण पाहावे. इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्ट्राडिवारीचे नाव संगीताशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेले असते. १७३७ मध्ये तो वारला. त्याच्या हातची वाद्ये आज कोट्यवधींना विकली जातात. क्रेमोनातील व्हायोलिन घडवण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हे झाले एका टोकाचे चित्र. त्याहून अधिक बोलके चित्र जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्खेन या लहानशा गावाचे आहे. धर्मछळाला कंटाळून बोहेमियातून आलेल्या व्हायोलिनकारांनी तेथे १६७७ मध्ये आपला संघ स्थापला. स्वतंत्र कारागिरांचा, नियम असलेला संघ. पुढे दोन शतकांत काय झाले? मागणी वाढली, निर्यात वाढली, आणि घरोघरी कामाचे तुकडे पडले. एका घरात फक्त माना, दुसऱ्यात फक्त पेट्या, तिसऱ्यात फक्त गज. हे सुटे भाग गोळा करून वाद्य जगभर विकणारा व्यापारी गब्बर झाला. त्या गावातून अमेरिकेला जाणारा माल एवढा, की १८९३ मध्ये अमेरिकेने तेथे आपली वकिलातीची कचेरी उघडली. घरात बसून मान कोरणाऱ्याची हत्यारे तेव्हाही त्याचीच होती. पुढे विसाव्या शतकात तिथल्या वाद्यकारांची ‘मिग्मा’ नावाची सहकारी संस्था उभी राहिली, ती हा अनुभव घेतल्यानंतर.

आपल्याकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, द. के. दातार असे थोर व्हायोलिनवादक महाराष्ट्राने पाहिले. व्हायोलिन घडवण्याचे देशातले नावाजलेले केंद्र मात्र उत्तर प्रदेशात रामपूरला. चीनच्या ज्यांग्सू प्रांतातील ह्वांगच्याओसारख्या गावांतून स्वस्त व्हायोलिने येऊ लागली तेव्हा रामपूरच्या कारागिरांचे कंबरडे मोडले. सतार-तंबोऱ्याला चीनची स्पर्धा नाही, असे म्हणून मिरजेने स्वस्थ बसण्यासारखे नाही. तंबोऱ्याची स्पर्धा बंगळूरहून आली. १९८० च्या सुमारास तेथे इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार होऊ लागला, आणि आता तो मोबाइलमध्ये फुकट वाजतो. विद्यार्थ्याची त्यात सोय आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलीने पाच फुटी तंबोरा ठेवायचा कुठे? पण विद्यार्थ्याचा साधा तंबोरा हे सतारमेकराचे रोजचे भाकरीचे काम होते, तसेच दुरुस्तीचे आणि जवारी काढून देण्याचे. मैफलीचा उत्तम तंबोरा ही सणासुदीची कमाई. रोजची भाकरी गेली आणि सणाची पोळी राहिली, तर घर चालत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मैफली बंद, विद्यालये बंद, परदेशी पाठवणी बंद. मुरत ठेवलेले लाकूड तेवढे मुरत राहिले.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आपल्या विचाराच्या माणसांनीही काही केले नाही असे नाही. १९७७ च्या डिसेंबरात जनता सरकारच्या वतीने जॉर्ज फर्नांडिस यांनी जे औद्योगिक धोरण मांडले, त्यात लहान उद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी मोठी केली आणि जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आणली. त्यामागची दृष्टी गांधी-लोहियांची होती. पण आज मागे वळून पाहता तिच्यातली एक उणीव दिसते. त्या धोरणाने लहान उत्पादकाला मोठ्या कारखान्यापासून वाचवायचे ठरवले. व्याजापासून वाचवण्याची तितकी पक्की योजना त्यात नव्हती. राखीव वस्तूंची यादी पुढे छाटत छाटत २०१५ मध्ये संपली. जिल्हा उद्योग केंद्रे आहेत.

२०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ व्यवसाय घेतले: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी वगैरे. त्या यादीत शस्त्रे घडवणारा आहे, वाद्ये घडवणारा नाही. मिरजेच्या शिकलगारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी तलवार सोडून तंबोरा हाती घेतला नसता तर त्यांचे नाव यादीत सरळ बसले असते! सुतार म्हणून नोंद करून घेता येईल, असे कोणी सुचवील. करून घेतली तरी पहिले कर्ज एक लाखाचे, शेकडा ५ व्याजाचे, आणि परतफेड १८ महिन्यांत. व्याजाचा दर चांगला आहे, त्याला नावे ठेवायला जागा नाही. परंतु लाकूड मुरायला ३ वर्षे आणि कर्ज फेडायला दीड वर्ष, म्हणजे अर्धवट मुरलेले लाकूड कापून हप्ता भरायचा. बुटांच्या साच्यांना हे कर्ज कदाचित पुरले असते.

हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही खरे. पण ज्या मालावर कर नाही त्याच्या कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही, हे या करपद्धतीचे मूलतत्त्व आहे. तार, पॉलिश, हत्यारे यांवरचा कर कारागिराच्या अंगावर पडतो. सवलत गिऱ्हाइकाला दिसते. तिचा काही भाग कोण भरतो हे दिसत नाही.

२०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी कारागिरांनी स्वतःच्या संस्था केल्या, कागदपत्रे जमवली, खेटे घातले. त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. बाहेरच्या मालाला मिरजेचे नाव लावून विकण्याला आता कायद्याने हरकत घेता येईल. इतके दिवस दुकानाची पट्टी लागत होती तेथे गावाचे नाव आले. मात्र १९९९ च्या त्या कायद्याने नावाचे रक्षण होते, भावाचे होत नाही. नावामुळे भाव चढला तर तो चढलेला भाव कारागिराच्या घरी जाईल की साठा करू शकणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरी, हे कायदा सांगत नाही. तो ज्याच्याकडे थांबण्याचे भांडवल आहे त्याच्याकडे जाईल, असेच आजवरच्या अनुभवावरून म्हणावे लागते.

आता या तालुक्याकडे पाहू. बारामतीचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नीरेच्या कालव्याखालचा ऊस येतो. सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिराईत पट्टा त्याला दिसत नाही. येथला शेतकरीही जमिनीचा मालक आहे, म्हणजे आपल्या सूत्राप्रमाणे उत्पादनसाधनांचा धनी. तरी कांदा निघाला की त्याच आठवड्यात विकावा लागतो, कारण बियाण्याचे आणि औषधाचे देणे उभे असते. चार महिने चाळीत ठेवण्याची ऐपत असलेला भाव खातो. तंबोऱ्याच्या लाकडाला लागू असलेला नियमच कांद्याला लागू आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत निदान तो मान्य तरी झाला: राज्यात १९९०–९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालते. गुदामात ठेवलेल्या धान्यावर किमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत कर्ज मिळते, मुदत सहा महिने. योजना किती समित्या मनापासून राबवतात तो भाग वेगळा. तत्त्व मात्र प्रस्थापित झाले, की साठवलेला माल हे तारण आहे आणि थांबणे हा उत्पादकाचा हक्क आहे. मुरत पडलेल्या तुनीच्या फळ्यांना आणि वाळत घातलेल्या भोपळ्यांना हे तत्त्व लागू का होऊ नये? वर्षागणिक त्यांची किंमत वाढते. धान्यासारखी त्यांना कीड-टोक्याची तेवढी भीतीही नाही.

यासाठी मोठा कारखाना नको, यंत्रे नकोत. लाकडाचे आणि भोपळ्यांचे एक सामाईक गुदाम हवे. दरवर्षी ठराविक लाकूड घेऊन त्यावर साल घालणारे, आणि तीन-चार वर्षांपूर्वीचे लाकूड त्या वर्षीच्या खर्चाने सभासदाला देणारे. भीमाकाठच्या भोपळेवाल्याशी लागवडीपूर्वी भावाचा करार करणारे, आणि पुरात पीक गेले तर त्याला वाऱ्यावर न सोडणारे. भांडवल एकदाच, पहिल्या तीन-चार वर्षांचे लागेल. त्यानंतर दरवर्षी जेवढे लाकूड आत जाईल तेवढे बाहेर येईल. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा करून १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न जातीने हाच होता: शेतकऱ्याच्या ऊस उभा राहण्याच्या काळाला पतपुरवठा कोण करणार. त्या मानाने मिरजेचे गुदाम ही फारच छोटी रक्कम.

सहकाराचे पुढे काय झाले ते आम्हांला सांगू नका, असे येथे बसलेल्या पुष्कळांच्या ओठांवर आले असेल. बरोबर आहे. ज्यांच्या शेतात पाणी पोचले त्यांच्यासाठी सहकार झाला, जिराईत पट्टा बाहेर राहिला आणि ऊसतोडणी करणारा तर सभासदच नव्हता. म्हणून मिरजेच्या बाबतीत एक गोष्ट आधीच बोलली पाहिजे, ती अडचणीची असली तरी. सतारमेकराच्या घरात मदतनीस असतात. भोपळा खरवडणारे, पॉलिश मारणारे, नक्षी भरणारे. काही नात्यातले, काही मजुरीवरचे. घरातल्या बायकांचे काम तर हिशेबातच धरत नाहीत. गुदामाचे सभासद फक्त पाटीवर नाव असलेले मालक-कारागीर झाले, तर व्यापाऱ्याच्या जागी दहा घरांची मक्तेदारी येईल आणि मदतनीस होता तेथेच राहील. पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसाला सभासदत्व, मत आणि स्वतःच्या नावावर लाकूड उचलण्याचा अधिकार असावा. त्या अधिकारातूनच उद्याचा नवा कारागीर उभा राहील. नाहीतर जवारीचा कान तयार होण्यापूर्वीच तो पोरगा एखाद्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीला जाईल, आणि आजही जातो आहे.

यावर मिरजेतल्या घरांत एकमत होणार नाही. कौशल्य ही घराण्याची मिळकत आहे असे मानणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे; नाव टिकवले ते त्यांनीच. सांगली जिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी या वादात पडण्यापूर्वी एक साधे काम करावे. सतारमेकर गल्लीत जाऊन कोणाकडे किती लाकूड किती वर्षांचे आहे, ते कोणाच्या पैशाने घेतले आणि त्यावर काय व्याज चालू आहे, एवढी नोंद करावी. सोलापूरच्या मित्रांनी भोपळ्याखाली किती वावर उरले ते पाहावे. इंदापूरच्या भीमाकाठी कोणी तो वेल लावायला तयार आहे का, याची चौकशी येथून करता येईल.